वाकडचा फ्लॅट आणि रेडिंगचं घर

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. लग्न ठरलंय, इंग्लंडमध्ये रेडिंगला चार लाख पौंडांचं घर पसंत पडलंय, हे वाचून फार आनंद झाला. पण खर्चाच्या यादीत स्टॅम्प ड्युटीसमोर तू ५,००० पौंड लिहिले आहेस. त्या जागी ३०,००० लागतील. ऑफर देण्याआधी हे पत्र शांतपणे वाच.

५,००० चा हिशोब पहिलं घर घेणाऱ्याचा आहे. त्याला ३ लाखांपर्यंत कर नाही आणि पुढच्या लाखावर ५ टक्के. मात्र पहिलं घर म्हणजे जगात कुठेही, कधीही नावावर घर नसणं. पुण्यात वाकडला तुझ्या नावावर असलेल्या फ्लॅटमुळे ती सवलत तुला मिळत नाही. नेहमीच्या दराने पहिल्या १,२५,००० वर शून्य, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के आणि उरलेल्या दीड लाखावर ५ टक्के, असे १०,००० होतात. त्यावर दुसऱ्या घराचा जादा कर, तोही पूर्ण किमतीवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. एप्रिल २०१६ मध्ये हा जादा कर सुरू झाला तेव्हा ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ झाला. (हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंड आणि वेल्सचे कर वेगळे आहेत.)

तू म्हणशील, ‘मी तर राहायला घर घेतोय, फ्लॅट भाड्याने दिलेला आहे.’ कायदा हे विचारतच नाही. ताबा मिळण्याच्या दिवशी, दिवस संपताना तुझ्याकडे किती घरं आहेत एवढंच तो बघतो. स्वतः राहतं घर विकून त्याच्या जागी दुसरं घेणाऱ्याला सूट आहे. तू इथे इंग्लंडमध्ये भाड्याने राहतोस आणि वाकडला एक दिवसही राहिलेला नाहीस, त्यामुळे बदलण्यासारखं राहतं घर तुझ्याकडे नाही. म्हणजे ज्याची तीन घरं भाड्याने दिलेली आहेत तो राहतं घर विकून नवं घेताना जादा कर भरत नाही, आणि पगारातून एक फ्लॅट उभा केलेल्या तुझ्यासारख्याला भरावा लागतो. मला हा सरळ अन्याय वाटतो. पण नियम आज असा आहे आणि हिशोब त्यालाच धरून करायचा.

वाकडचा फ्लॅट नंतर विकून पैसे परत मागू, हा विचार सोडून दे. तीन वर्षांत जुनं घर विकलं तर जादा कर परत मिळतो हे खरं, पण ते घर राहतं असायला हवं.

लग्नानंतर घर फक्त तिच्या नावावर घेऊनही सुटका नाही. नवराबायकोच्या मालकीची घरं एकत्र धरतात, आणि दोघांच्या नावावर घेतलंत तर जादा कर पूर्ण किमतीवर लागतो, तुझ्या अर्ध्या वाट्यापुरता नाही. लग्नाआधी तिने एकटीने, स्वतःच्या पगारावर, खरोखर स्वतःचं म्हणून घर घेतलं आणि तिच्याकडे दुसरं घर नसेल, तर गोष्ट वेगळी. पण मग ते घर तिचंच. कागदावर तिचं आणि मनात तुझं, असला व्यवहार करू नकोस. करासाठीही नको आणि संसारासाठी तर नकोच.

उरला विकण्याचा मार्ग. रेडिंगच्या ताब्याच्या दिवसापर्यंत वाकडची विक्री पूर्ण झाली तर २०,००० वाचतात. त्याच दिवशी झाली तरी चालतं. पण अनिवासी भारतीयाकडून फ्लॅट घेणाऱ्याला टीडीएस (किमतीतून आधीच कापून ठेवायचा कर) कापावा लागतो आणि त्या कटकटीने पुण्यातले बरेच ग्राहक मागे हटतात. कमी टीडीएसचा दाखला आयकर खात्याकडून काढायलाही वेळ लागतो, म्हणून त्याची सुरुवात आधी कर. फ्लॅट दोन वर्षांहून जास्त काळ तुझ्याकडे असेल तर भारतात नफ्यावर १२.५ टक्के कर, वर अधिभार आणि सेस आहे, आणि इथला रहिवासी म्हणून तो नफा इथेही दाखवावा लागतो. तिथे भरलेला कर इथे वजा मिळतो. फ्लॅट आईबाबांना बक्षीस देण्याचं कोणी सुचवेल. इथे बक्षीससुद्धा बाजारभावाने विकल्यासारखं धरतात, आणि त्यांना तो परत देता येईल हे गृहीत धरू नकोस.

केवळ कर वाचवायला मात्र तो फ्लॅट विकू नकोस. भाडं, आईबाबांच्या म्हातारपणी जवळ राहायची सोय, तुझं परतायचं मन, हे सगळं तराजूत टाक. ठेवायचा ठरवलास तर २०,००० ही त्याची किंमत समजून भर आणि रेडिंगचं बजेट त्या बेताने खाली आण. हे पैसे साठवलेल्या रकमेतूनच जातात, त्यामुळे डिपॉझिट तेवढं कमी पडतं.

गावच्या घराचंही एकदा बघून घे. वारशाने आलेला अर्ध्यापर्यंतचा हिस्सा पहिली तीन वर्षं या जादा करासाठी धरत नाहीत. त्यानंतर हिस्स्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल तर तो मोजला जातो. सॉलिसिटर, म्हणजे घरखरेदीचे कागद बघणारा वकील, ‘जगात कुठे घर आहे का’ असं विचारेल तेव्हा वाकडसकट सगळं सांग. ताब्यानंतर १४ दिवसांत विवरणपत्र भरायचं असतं, आणि ते सॉलिसिटरने भरलं तरी त्यातल्या माहितीची जबाबदारी तुझी.

वाकडचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), कर्जाचं स्टेटमेंट आणि तिथल्या एजंटने सांगितलेला आजचा भाव पाठव. रविवारी फोनवर दोन्ही बाजूंचे आकडे मांडू. तोवर रेडिंगच्या एजंटला शब्द देऊ नकोस.

तुझा काका