‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस आहे’ असा फोन खोटा आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिता की आई-वडील फोंड्याला दोघंच असतात. वडिलांना फोन आला, समोरच्याने कॉम्प्युटरवर लाल खुणांची भलीमोठी यादी उघडायला लावली, मग एनीडेस्क, म्हणजे कॉम्प्युटर दुरून चालवायचं सॉफ्टवेअर, घालायला सांगितलं. तेवढ्यात शेजारीण आली म्हणून त्यांनी फोन ठेवला. फोन खरा होता का, आणि पुढे काय करायचं, असा तुमचा प्रश्न.

खोटा होता. हे ठरवायला दोनच गोष्टी पुरतात: फोन त्याने केला होता आणि त्याला कॉम्प्युटरचा ताबा हवा होता. तुमचं विंडोज बिघडलं म्हणून मायक्रोसॉफ्ट आपणहून फोन करत नाही. त्याला नाव-पत्ता माहीत होता याला काही किंमत देऊ नका, अशा याद्या विकत मिळतात. ट्रूकॉलरवर ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’ दिसलं तरी तेच, कारण ती नावं बहुतेक वापरणाऱ्यांनीच दिलेली असतात. आणि इंटरनेटची तक्रार असेल तर गोव्यातल्या गावात केबलवाल्याचा पोरगा स्कूटर घेऊन दारात येतो, कोकणीत बोलतो आणि आधी राउटरची वायर हलवून बघतो. तो तुमच्या बँकेचं नाव विचारत नाही.

आता ती लाल यादी, कारण वडील घाबरले ते तिच्यामुळे. तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. ती विंडोजची रोजनिशी आहे, एखादी सेवा (मागे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिच्यात नोंद होते. आजच दुकानातून आणलेल्या मशीनवरही थोड्याच वेळात पिवळ्या-लाल खुणा दिसतील. डिस्ट्रिब्यूटेड कॉमची, म्हणजे विंडोजचे भाग एकमेकांशी बोलतात त्या व्यवस्थेची, १००१६ क्रमांकाची नोंद तर इतकी सर्रास असते की ती खुशाल दुर्लक्षावी, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. आपल्याकडे आणखी एक भर पडते. पावसात वीज गेली आणि यूपीएस नसलेला कॉम्प्युटर धाडकन बंद झाला की पुढच्या वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी ‘क्रिटिकल’ नोंद उमटते. जून ते सप्टेंबर फोंड्यातल्या कुठल्याही घरी ती सापडावी. तो व्हायरस नव्हे, वीज खात्याची कृपा.

यादीने माणूस घाबरला नाही तर पुढचे प्रयोग होतात. हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘असॉक’ (assoc) असं टाइप करायला लावतात आणि शेवटी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला की ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास परवाना क्रमांक, बघा, आमच्याकडेही हाच आहे’ असं सांगून तो वाचून दाखवतात. हा आकडा प्रत्येक विंडोजवर तोच असतो. इंटरनेटच्या चालू जोडण्या दाखवणाऱ्या ‘नेटस्टॅट’मध्ये ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ दिसतो, म्हणजे फक्त जोडणीचं दुसरं टोक. ते त्याला परदेशी हॅकर म्हणतात. सेवांच्या यादीत अर्ध्या ओळींपुढे ‘स्टॉप्ड’ लिहिलेलं असतं, कारण गरज नसताना त्या बंदच असतात. यातलं काहीही खोटं दाखवलेलं नसतं, फक्त निरोगी गोष्टीला रोग म्हटलेलं असतं. म्हणून कॉम्प्युटरची जाण असलेली माणसंही फसतात.

खरं नुकसान होतं ते एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा विंडोजमधलंच क्विक असिस्ट सुरू झाल्यावर. ही सॉफ्टवेअरं स्वतः वाईट नाहीत. पण स्क्रीनवरचा आकडा सांगून ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं की माउस त्याच्या हातात जातो. मग ‘सर्व्हिसचे २,००० रुपये परत करतो’ म्हणून नेटबँकिंग उघडायला लावतात, स्क्रीन काळी करतात, आणि मधल्या वेळात ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून पानावर नुसती दिसणारी शिल्लक बदलतात किंवा तुमचीच एफडी मोडून बचत खात्यात टाकतात. मग ‘चुकून २०,००० आले, फरक पाठवा’ अशी रडारड. हेच अ‍ॅप मोबाइलवर असेल तर ओटीपीही त्यांना दिसतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

उलटा प्रकारही तितकाच चालतो. प्रिंटर बिघडला की माणूस गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतो, वरच दिसलेल्या नंबरवर फोन करतो आणि तो यांचाच असतो. नंबर खोक्यावरचा, बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचाच घ्यावा. ब्राउझर पूर्ण पडदाभर पसरून भोंगा वाजवू लागला आणि खाली फोन नंबर दिसला तर ती नुसती वेबसाइट आहे. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. एस्केप काही सेकंद दाबून धरा, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर ‘जुनी पानं आणू का’ विचारलं तर नको म्हणा.

वडिलांच्या कॉम्प्युटरवर आधी ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी बघा. एनीडेस्क तिथे नसेल आणि डाउनलोड्समध्येही नसेल तर विषय संपला. फाइल नुसती उतरली असेल तर ती पुसा. पण कोणी आत येऊन गेला असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी राउटरचं बटण बंद करा, कारण फोन ठेवल्याने एनीडेस्कची जोडणी तुटत नाही. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या माथी, कळवल्यानंतरचं बँकेच्या. त्यामुळे ‘मुलाला विचारून उद्या बघू’ हे महागात पडतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा: रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते, गोवा पोलिसांचं सायबर क्राइम ठाणं रायबंदरला आहे. नंबर, वेळ, स्क्रीनचे फोटो जपून ठेवा.

पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून बदलू नका. दुसऱ्या उपकरणावरून आधी ईमेलचा बदला, मग बँकेचा, आणि ईमेलमध्ये अनोळखी रिकव्हरी नंबर (पासवर्ड विसरल्यावर वापरायचा) किंवा फॉरवर्डिंग (मेल आपोआप दुसरीकडे पाठवणं) घुसवलंय का ते बघा. मशीनचं म्हणाल तर कागदपत्रं, फोटो बाजूला काढून विंडोज नव्याने टाकणंच बरं. एनीडेस्क काढलं तरी मागे दुसरं काय ठेवलंय याचा भरवसा नाही.

आणि काही आठवड्यांनी पुन्हा फोन येईल. या वेळी ‘सायबर सेलमधून’ किंवा ‘वकिलाकडून’, गेलेले पैसे सोडवून देण्यासाठी थोडी फी मागणारा. फसलेल्यांची यादीही विकली जाते.