झोपेची गोळी आणि जुनी चिठ्ठी

झोपेच्या गोळ्यांबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येताहेत, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : गोळी घेतलेल्या रात्री एखादा पेग चालतो का?

नाही. दोन्हींनी मिळून श्वास मंदावतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. सात-आठ वर्षं रोज रात्री अल्प्राझोलामची पॉइंट फाइव्हची गोळी घेते. ओळखीचा मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देतो. त्रास काही नाही. तरी डॉक्टरकडे न्यायला हवं का?

हो, याच आठवड्यात. ती चिठ्ठी पासष्टीच्या आईसाठी होती, आणि बहुधा थोड्या दिवसांपुरती. ‘त्रास काही नाही’ म्हणता, पण रात्री दोनला लघवीला उठताना त्यांचा तोल जातो का, हे कुणी पाहिलंय? या वयात औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं. गुंगी रेंगाळते, ओल्या फरशीवर पाय सटकतो आणि खुब्याचं हाड मोडतं. ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेला विसराळूपणाही कित्येकदा या गोळीचाच असतो.

मेडिकलवाला तुमच्यावर उपकार करत नाहीये. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. ओळखीपोटी हे सगळं गुंडाळून ठेवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

आणि मुळात झोप का लागत नाही, हे कुणी विचारलं का? बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल. गुडघे ठणकत असतील. थायरॉइड बिघडलं असेल. पहाटे चारला जाग येऊन मन खिन्न होत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. प्रत्येकाचा इलाज निराळा. म्हणून आईची सगळी दुखणी ठाऊक असलेला एक नेहमीचा डॉक्टर हवा. जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, सर्दीची आणि आयुर्वेदिकसुद्धा.

प्रश्न : या गोळ्यांनी मेंदू खराब होतो असं व्हॉट्सअॅपवर वाचलं. बाबांची जुनी गोळी कालपासून बंद केली. बरोबर ना?

चूक, आणि धोक्याचं. रोजची गोळी एकदम तोडली की घाम, थरकाप, बेचैनी सुरू होते, फिटही येऊ शकते. आजच डॉक्टरांना फोन करून आजच्या डोसचं विचारा. फिट आली किंवा बाबा असंबद्ध बोलू लागले, तर थेट हॉस्पिटल गाठा. गोळी सुटते, पण पायरीपायरीने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. त्याला कधी कधी महिने लागतात.

प्रश्न : ‘शंभर टक्के नैसर्गिक, सवय लागत नाही’ असं लिहिलेल्या गमीज घेऊ का?

‘नैसर्गिक’ हा शब्द डबी खपवण्यासाठी छापलेला असतो. मागचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याचदा मेलाटोनिन सापडेल. ते संप्रेरक आहे. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. झोपेची तक्रार तीन महिन्यांहून जुनी असेल, तर झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचाराबद्दल विचारा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये गोळ्यांच्या आधी हाच उपचार करावा असं सांगितलं आहे.

प्रश्न : मिस्टर खूप घोरतात, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो. माझी अर्धी गोळी त्यांना देऊ का?

देऊ नका. हा स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, आणि गोळीने घसा आणखी सैल पडतो. झोपेची तपासणी करून घ्या.