"खासगी युनिव्हर्सिटी आहे, त्यांची मर्जी" हे मला का पटत नाही

ताई नमस्कार,

तुमचा मेल आधी घाईत वाचला तेव्हा वाटलं प्रश्न साधाय, लेक सांगलीत बारावीला आहे, अमेरिकेत डिग्रीसाठी अर्ज करतेय, फॉर्मवर वंश विचारलाय तिथे 'एशियन'वर टिक करायची का रकाना रिकामा सोडायचा, एवढंच. मग खालचं वाचलं. न्यू जर्सीतल्या तुमच्या बहिणीची मुलगी पण याच वर्षी अर्ज करतेय आणि तिच्या कौन्सेलरने तिला सांगितलं की फार इंडियन वाटू नकोस, भरतनाट्यम फॉर्ममधून काढ. त्यावर तुमचे मिस्टर म्हणाले की युनिव्हर्सिटी खासगी, पैसा त्यांचा, कोणाला घ्यायचं ते त्यांचं ते बघतील, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यात मध्ये पडायचं कारणच काय. हे शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी रकाना. जे खरं आहे ते भरा, नाहीतर सोडून द्या, तो ऐच्छिक आहे. २०२३ पासून कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे एकच फॉर्म भरून अनेक कॉलेजांत अर्ज करायची जी सोय आहे तिथे, कॉलेजांना तो रकाना स्वतःपासून लपवून ठेवता येतो, त्यामुळे त्यावर रात्रीची झोप घालवू नका. आणि तुमची लेक तिथे 'इंटरनॅशनल' म्हणून मोजली जाणार, तिची गणती एशियन अमेरिकन मुलांमध्ये होत नाही. तिला खरी अडचण येणार ती पैशाची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं आहेत जी परदेशी मुलांनी फी-मदत मागितली म्हणून निर्णय बदलत नाहीत, बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की चान्स कमी होतो. यादी करताना हे आधी बघा.

भाचीचं वेगळं आहे, ती तिथली सिटिझन, आणि तिच्या कौन्सेलरची भीती हवेतली नव्हती. एशियन मुलांबाबत भेदभाव होतो म्हणून हार्वर्डवर २०१४ मध्ये केस झाली, त्यात ऑफिसातले कागद बाहेर आले. तिथे प्रत्येक मुलाला अभ्यास, उपक्रम, खेळ आणि 'पर्सनल' अशा रेटिंग द्यायचे. पर्सनल म्हणजे स्वभाव, हिंमत, मनमिळाऊपणा असलं सगळं. त्यात एशियन मुलं अभ्यासात पुढे आणि पर्सनलमध्ये मागे. आणि गंमत नाही हो, वाईट वाटायची गोष्ट आहे, की हार्वर्डचे जे माजी विद्यार्थी या मुलांना समोर बसवून इंटरव्ह्यू घेत होते त्यांनी दिलेले मार्क गोऱ्या मुलांच्या जवळपास होते, आणि ज्यांनी बहुतेक मुलांना कधी पाहिलंच नाही त्या ऑफिसातल्या लोकांनी कमी दिले. हार्वर्ड म्हणालं आम्ही भेदभाव केला नाही, खालच्या कोर्टाने २०१९ मध्ये ते मान्यही केलं. पण २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ असा निकाल दिला की प्रवेशात वंश असा मोजता येणार नाही.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. ते स्वतः विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात म्हणालात, मग त्यांना २००५ चा इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा खटला आठवत असणार. त्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने जवळपास त्यांच्यासारखंच म्हटलं होतं, की जे कॉलेज सरकारचं अनुदान घेत नाही त्याच्यावर सरकार आपलं आरक्षण लादू शकत नाही. मग संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती केली, घटनेत कलम १५(५) आलं, अल्पसंख्याक संस्था सोडून खासगी कॉलेजांनाही आरक्षण लावायचा अधिकार सरकारला मिळाला, आणि २०१४ मध्ये कोर्टाने तेही योग्य ठरवलं. पटो न पटो, आपल्याकडे हे उघड्यावर झालं. कोणाला किती टक्के ते कायद्यात लिहिलेलं, मेरिट लिस्ट लागते, कट-ऑफ दिसतो, चुकलं तर कोर्टात जाता येतं.

अमेरिकेत खासगी कॉलेजांत हे सगळं बंद खोलीत चालायचं. आणि त्या खोलीतल्या मोकळिकीचा इतिहास काय सांगतो ते बघा. १९२० च्या दशकात हार्वर्डला वाटलं ज्यू मुलं फार झाली, तेव्हाचे प्रेसिडेंट लॉवेल यांना सरळ कोटाच हवा होता, तो उघडपणे जमला नाही तेव्हा फॉर्मवर 'कॅरॅक्टर', फोटो, घराणं असलं विचारायला लागले आणि ज्यू मुलांचा आकडा खाली आला. तिकडे साउथ कॅरोलायनात बॉब जोन्स युनिव्हर्सिटी १९७१ पर्यंत काळ्या मुलांना घेतच नव्हती, नंतर घेतलं तर वेगवेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी डेटिंग करायचं नाही असा नियम, आणि त्यांचंही म्हणणं हेच की आम्ही खासगी, हा आमचा धर्म. १९८३ मध्ये कोर्टाने त्यांची टॅक्स माफी काढलेली योग्य ठरवली. म्हणजे खासगी आहे म्हणून सूट द्या म्हटलं की ती सूट चांगल्या हेतूवाल्याला मिळते तशीच बॉब जोन्सलाही मिळते, त्यात चाळणी लावता येत नाही.

आणि 'त्यांचा पैसा' हे तर खरंच नाही. संशोधनाचा पैसा सरकारचा, मुलांच्या कर्जात आणि ग्रँटमध्ये सरकार, टॅक्स माफ. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यात लिहिलंय की केंद्राचा पैसा घ्याल तर वंशावरून भेद नाही, हार्वर्ड खासगी असून अडकलं ते यामुळे. घरचं लग्न असतं तर कोणाला बोलवायचं ते घरचे ठरवतील, पण हॉल गावाच्या पैशाने बांधलेला असला की गाव विचारणारच ना.

मिस्टरांच्या बाजूचं एक मात्र मी मानते. पैसा देणारा हातही पिरगळू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने हार्वर्डचे २.२ अब्ज डॉलर गोठवले, त्याआधी मागण्यांची जी यादी पाठवली होती त्यात प्रवेश कसे द्यायचे, कोणाला नेमायचं सगळं होतं. ते मला अजिबात मान्य नाही. भेद करू नका एवढं कायद्याने सांगावं, खुर्चीवर बसून निवड करू नये.

निकालाने सगळं गोड झालं असंही मी म्हणत नाही. वंश मोजला जायचा तेव्हा काळ्या मुलांना थोडं झुकतं माप मिळायचं, ते थांबलं, आणि एमआयटीत त्यानंतरच्या पहिल्या बॅचमध्ये काळ्या मुलांचं प्रमाण आधीच्या सुमारे १३ टक्क्यांवरून ५ वर आलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांच्या बाबतीत हा आकडा वाचून मला वाईट वाटतं, आपण महाराष्ट्रात राहून ते कळत नाही असं म्हणूच शकत नाही. आणि ज्याचा खरा राग यायला हवा ते तसंच राहिलं: त्या केसमधल्या आकड्यांत हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची किंवा डीनच्या खास यादीतली (देणगीदारांची वगैरे) होती. बापाच्या डिग्रीवर मिळणारी सीट कोर्टाने काढली नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी कॉलेजांनाही ते बंद केलं, मला ते पाऊल फार आवडलं.

आता तुम्ही जोडलेला लेकीचा निबंध. निकालातच म्हटलंय की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे मुलगा लिहू शकतो, फक्त त्यातून तो माणूस म्हणून दिसला पाहिजे. तुमच्या लेकीने सुरुवात केलीय 'भारत हा विविधतेचा देश' इथून, ते सगळं काढायचं. पण तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ आहे, २०१९ च्या पुरात ती सहावीत होती, कृष्णेचं पाणी जिन्यात आलं तेव्हा बाबांचे पेपरचे गठ्ठे चादरीत बांधून वर नेले आणि ती पायरीवर बसून दर तासाला पाणी कुठपर्यंत आलं त्याची खडूने खूण करत होती. हाच निबंध आहे ताई, ६५० शब्दांत एवढंच सांगू दे तिला, किती खुणा केल्या, कुठली पायरी बुडाली तेव्हा आई काय म्हणाली, पाणी उतरल्यावर त्या खुणा पुसल्या का राहिल्या.

आणि बहिणीला आज रात्रीच फोन करा, भरतनाट्यम परत घाला म्हणावं. नऊ वर्षं शिकलीय ना ती? जे ऑफिस तेवढ्यावरून तिला कमी लेखेल तिथे जाऊन तरी काय करायचंय. १ जानेवारीची मुदत असलेली कॉलेजं धरून चालतेय, तेव्हा नवा ड्राफ्ट मला येत्या रविवारपर्यंत पाठवा, मराठीत लिहिला तरी चालेल, इंग्रजीचं आपण नंतर बघू.