जपानमधले नियम आणि जपानमधले नकार : वाचकांचे प्रश्न

या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं जपानबद्दलची आहेत, काही फिरायला निघालेल्यांची आणि काही तिथे राहणाऱ्यांची. २०२४ मधे ३ कोटी ६८ लाखांच्या वर परदेशी लोक जपान बघून आले, तेव्हा प्रश्न वाढणारच. जे पुन्हा पुन्हा विचारले गेलेत तेच घेतलेत.

ताई, मी आणि आई नोव्हेंबरमधे तोक्यो आणि क्योतोला जातोय. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. सगळे म्हणतायत उपाशी राहाल. खरंय का?

उपाशी नाही राहणार, पण तयारी न करता गेलात तर आईच्या पोटात नकळत मासे जाणार हे मात्र नक्की. मांस ताटात दिसतं, ते टाळता येतं. खरी अडचण आहे दाशीची. बोनिटो नावाचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि त्याच्या पातळ कापांपासून जो अर्क काढतात तो म्हणजे दाशी, आणि तो मिसो सूपमधे असतो, उदोन नूडल्सच्या रश्श्यात असतो, सोबा नूडल्स बुडवायच्या सॉसमधे असतो, आणि नुसत्या भाज्या शिजवलेल्या दिसतायत त्यातही असतो. तिथे बऱ्याच लोकांच्या डोक्यात शाकाहारी म्हणजे मांसाचे तुकडे नसलेलं, त्यामुळे "व्हेजिटेरियन" एवढं बोलून थांबू नका. "निकु मो, साकाना मो, कात्सुओ दाशी मो ताबेमासेन" असं सांगा, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत आणि बोनिटोची दाशीही नाही. हे जपानी लिपीत मोबाइलवर लिहून ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. पाकिटांवरच्या ॲलर्जीच्या यादीवरही फार विसंबू नका, त्यात दूध, अंडी, गहू हे सगळं असतं पण बोनिटो नसतो, त्याच्यासाठी घटकांची पूर्ण यादीच कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचावी लागते.

आता चांगली बाजू. तोक्यो स्टेशनच्या आतच टीज तानतान नावाचं दुकान आहे, तिथलं रामेन पूर्ण वनस्पतीजन्य असतं, काही न विचारता खा. आणि जमत असेल तर एक रात्र कोयासानला काढाच. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई लाइनने गोकुराकुबाशी आणि तिथून केबल कार. नवव्या शतकात कूकाई या भिक्खूने वसवलेलं हे शिंगोन या बौद्ध पंथाचं ठाणं, आजही तिथल्या सुमारे ५० मंदिरांमधे पाहुण्यांना राहता येतं आणि जेवायला शोजिन र्‍योरी मिळते, भिक्खूंचा स्वयंपाक, मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही, दाशी काढतात ती कोम्बूची म्हणजे समुद्री शेवाळाची नाहीतर शिताके मशरूमची. तीळ वाटून केलेला गोमा-दोफू, वाळवलेला कोया-दोफू, छोट्या छोट्या भांड्यांत मांडलेलं ते जेवण मला जपानमधल्या कुठल्याही नावाजलेल्या रेस्टॉरंटपेक्षा जास्त आवडतं. मुद्दाम सांगते कारण शाकाहारी माणसाला तिथे नुसतं भागवून घ्यावं लागतं असं नाहीये, शेकडो वर्षांची शाकाहारी परंपरा तिथे आहे, फक्त ती रस्त्यावर सहज दिसत नाही. बुकिंग मात्र आधी करा आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळेत पोचा, मंदिरात जेवण लवकर वाढतात.

मनगटावर छोटासा टॅटू आहे. ओन्सेनमधे, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, घेतील का? आणि खरंच सगळे कपडे काढावे लागतात का?

हो, काढावे लागतात, स्विमसूट चालत नाही, आणि बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. आधी स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, साबण पूर्ण धुवायचा, मगच कुंडात उतरायचं, कारण कुंड अंघोळीसाठी नसतं, नुसतं बसण्यासाठी असतं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस लांब असतील तर वर बांधायचे. पहिली पाच मिनिटं लाज वाटते, मग लक्षात येतं की कुणी कुणाकडे बघत नाहीये.

टॅटूचं उत्तर ठिकाणानुसार बदलतं. मेइजी सरकारने १८७२ मधे टॅटूवर बंदी घातली, ती १९४८ मधे उठली, पण तोवर आणि नंतरही टॅटू म्हणजे याकुझा गुंड हे समीकरण पक्कं झालं, म्हणून दारावर पाट्या आल्या. २०१५ मधे पर्यटन खात्याने हॉटेलांना आणि जुन्या पद्धतीच्या अतिथीगृहांना म्हणजे र्‍योकानांना विचारलं तेव्हा साधारण ५६ टक्क्यांनी सांगितलं की टॅटू असेल तर आम्ही घेत नाही, ३१ टक्के घेत होते, आणि १३ टक्के झाकून आलात तर घेत होते. तुमचा टॅटू मनगटापुरता आहे तर कातडीच्या रंगाचा स्टिकर मिळतो तो लावून बऱ्याच ठिकाणी चालतं, पण आधी विचारा. किनोसाकी या ओन्सेनच्या गावातल्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो, मात्सुयामाच्या दोगो ओन्सेनमधेही चालतो. नाहीतर र्‍योकानमधलं तासाभरासाठी स्वतंत्र मिळणारं कुंड घ्या, आईवडील बरोबर असतील तर तेच बरं पडतं.

टिप किती द्यायची?

द्यायचीच नाही. ठेवून निघालात तर पैसे विसरलात म्हणून वेटर मागे पळत येईल. इझाकायात, म्हणजे तिथल्या दारू-खाण्याच्या दुकानात, मात्र न मागितलेली एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात माणशी ३००-५०० येन लागतात, तिला ओतोशी म्हणतात, ती फसवणूक नव्हे, बसण्याचे पैसे समजा, जपानी गिऱ्हाइकंही तेच देतात.

एवढा स्वच्छ देश आणि कचऱ्याचा डबा कुठेच नाही, असं का?

२० मार्च १९९५ ला तोक्योच्या मेट्रोत ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी सारिन हा विषारी वायू सोडला, माणसं मेली, हजारो लोकांना त्रास झाला, आणि त्यानंतर सुरक्षेसाठी स्टेशनांवरचे आणि रस्त्यांवरचे डबे मोठ्या प्रमाणावर काढून टाकले. ते पुरते परत आलेच नाहीत. लोक कचरा पिशवीत घेऊन घरी जातात, तुम्हीही एक पिशवी जवळ ठेवा. कोन्बिनीत म्हणजे दिवसरात्र चालणाऱ्या छोट्या दुकानांत डबे असतात पण ते तिथल्याच खरेदीसाठी, व्हेंडिंग मशीनच्या शेजारचा फक्त बाटल्या आणि कॅनसाठी. स्टॉलवरून काही घेतलं तर तिथेच उभं राहून खा आणि काडी स्टॉलवाल्यालाच परत द्या, तो घेतो.

क्योतोच्या गिओनमधे मायकोचे, म्हणजे शिकाऊ गेइशांचे, फोटो काढले तर दंड होतो म्हणे?

गिओनच्या काही गल्ल्या खासगी मालकीच्या आहेत, तिथे २०२४ पासून शिरायलाच मनाई आहे आणि पाटीवर १०,००० येनचा दंड लिहिलाय. हानामिकोजीचा मुख्य रस्ता खुला आहे. पण दंड बाजूला ठेवा हो, ती मुलगी कामावर चाललेली असते, ठरलेल्या वेळेला ओचायात म्हणजे चहाघरात पोचायचं असतं तिला, आणि दहा माणसं मोबाइल घेऊन तिची वाट अडवतात, किमोनोची बाही ओढतात. हे बघून मला फार वाईट वाटतं. वाट सोडा आणि नुसतं बघा.

माझ्या मुलाला तोक्योत नोकरी लागली. पगार चांगला, कागदपत्रं सगळी आहेत, तरी एजंट दोनदा म्हणाला की घरमालक परदेशी भाडेकरू घेत नाहीत. हे तिथल्या संस्कृतीचा भाग म्हणून स्वीकारायचं का?

नाही. आणि हे मी स्पष्टच लिहिते, कारण जपानवर प्रेम करणारे लोक अशा वेळी हमखास समजूत घालतात की "त्यांची पद्धतच तशी आहे". अंघोळ करून कुंडात उतरणं ही पद्धत आहे, ती जपानी माणसाला लागू आहे तशी मलाही, आणि मी ती आनंदाने पाळते. परदेशी आहे म्हणून घर नाही, हा नियम फक्त एकालाच लागू होतो. याला भेदभावच म्हणायचं. तुमच्या मुलाची यात काही चूक नाही आणि तो एकटाही नाही, न्याय मंत्रालयाने २०१७ मधे जाहीर केलेल्या पाहणीत ज्या परदेशी रहिवाशांनी घर शोधलं होतं त्यांतल्या जवळजवळ ३९ टक्क्यांनी सांगितलं की परदेशी म्हणून नकार मिळाला. ओतारु शहरातल्या एका स्नानगृहाने परदेशी लोकांना दारातून परत पाठवलं तेव्हा तिघे कोर्टात गेले आणि २००२ मधे साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने प्रत्येकाला १० लाख येन भरपाई द्यायला लावली. म्हणजे कोर्ट याकडे दुर्लक्ष करतं असं नाही, पण खासगी भेदभावाला थेट शिक्षा करणारा देशभराचा कायदा नाहीये, त्यामुळे प्रत्येकाला स्वतः लढावं लागतं, आणि नवीन नोकरीत रुजू होताना ते कुणाला जमणार?

म्हणून आत्ता घर कसं मिळेल ते बघा. पहिला पर्याय यूआर, ही सरकारशी जोडलेली संस्था आहे, तिथे रेकिन म्हणजे मालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम नाही, एजंटचं कमिशन नाही, जामीनदार लागत नाही, करार नूतनीकरणाचे पैसे नाहीत, आणि रीतसर राहण्याचा परवाना असलेला परदेशी माणूस अर्ज करू शकतो. अट साधारण अशी की महिन्याचा पगार भाड्याच्या चौपट हवा. इमारती जरा जुन्या असतात पण राहायला चांगल्या. दुसरा, कंपनीला विचारायचं की भाडेकरार कंपनीच्या नावावर करता येईल का, मग बरेच मालक तयार होतात. तिसरा, निशि-कासाई बघा. २००० सालच्या वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या तारखेच्या अडचणीच्या, कामासाठी आलेले बरेच भारतीय तिथे स्थिरावले, भारतीय भाडेकरूंची सवय असलेले एजंट तिथे सहज मिळतात. तो भाग एडोगावा वॉर्डमधे येतो, जिथून २०१९ मधे मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक वॉर्ड असेंब्लीवर निवडून आले.

खाजगी घर घेतलं तर हाताशी पैसे ठेवा : शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, वर सांगितलेलं रेकिन, एजंटची फी आणि हमी देणाऱ्या कंपनीची फी, सगळं मिळून सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांचं भाडं जातं. घर मिळाल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसमधे पत्ता नोंदवायचा, रेसिडेन्स कार्ड कायम खिशात ठेवायचं, जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. आणि पहिल्याच दिवशी कुठल्या वारी कुठला कचरा हे वेळापत्रक घेऊन यायला सांगा, शेजाऱ्यांशी संबंध तिथूनच सुरू होतात.

मी ओसाकात शिकते. ट्रेन भरलेली असते तरी माझ्या शेजारची सीट रिकामी राहते. खूप लागतं मनाला.

लागणारच गं. हे तुलाच होतं असं नाही, तिथे राहणारे कितीतरी परदेशी लोक हेच सांगतात. कुणी म्हणतं की इंग्रजीत काही विचारलं तर काय या भीतीने लोक बसत नाहीत, काहींच्या बाबतीत ते खरं असेलही, पण कारण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही, आणि तू ते हसून सोडून द्यावंस असं मी म्हणणार नाही. एवढंच सुचवते की त्या शहराशी तुझी ओळख ट्रेनच्या डब्यावरून ठरू देऊ नकोस, तिथे जपानी माणूस जपानी माणसाशीही बोलत नाही. कॉलेजच्या सर्कलमधे म्हणजे विद्यार्थ्यांच्या छंदमंडळात जा, वॉर्डच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात स्वयंसेवक फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत जपानी शिकवतात तिथे जा, मोहल्ल्याच्या मात्सुरीत म्हणजे उत्सवात कामाला उभी राहा. एकत्र काम केलं की तिथली माणसं पटकन मोकळी होतात, आणि ओसाकाची माणसं तर गप्पांना कायम तयार. शिक्षकांशी किंवा विद्यार्थी सल्ला केंद्रात या सीटबद्दलही बोल, मनात ठेवू नकोस.

बाबांना बीपी आणि शुगरची औषधं आहेत. नेता येतील ना?

स्वतःपुरती, एक महिन्यापर्यंतची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटात न्या, वेगळा परवाना लागत नाही. त्याहून जास्त दिवसांची असतील तर युन्यू काकुनिन-शो नावाचं प्रमाणपत्र आधी ऑनलाइन काढावं लागतं. सर्दी-खोकल्याची औषधं मात्र नीट तपासा : स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या गोळ्या चालत नाहीत, कोडीनवरही निर्बंध आहेत, आणि ॲम्फेटामिनची औषधं चिठ्ठी असली तरी पूर्ण बंद, विमानतळावर अटकसुद्धा होऊ शकते. शंका असलेलं प्रत्येक औषध तिथल्या आरोग्य मंत्रालयाला ईमेल करून विचारा आणि उत्तर प्रिंट करून बाबांच्या हँडबॅगेत ठेवा.