गेलेल्या पेशंटचा फॉर्म भरून काय उपयोग?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. हृदय बंद पडलेला पेशंट कॅज्युअल्टीत येतो, अर्धा तास सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचा प्रयत्न) चालतो, पेशंट जातो आणि मग रजिस्ट्रीचा, म्हणजे अशा सगळ्या पेशंटच्या नोंदवहीचा, लांबलचक फॉर्म ड्यूटीवरच्या सिस्टरच्या गळ्यात पडतो. "माणूस गेला, आता ही कारकुनी कशाला?" असं तुम्ही विचारलंय. मी कॅज्युअल्टीत बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा हेच फॉर्म भरण्यात आणि तपासण्यात गेली. म्हणून सविस्तर लिहिते.

जो गेला त्याचाच फॉर्म सगळ्यात मोलाचा असतो. फक्त वाचलेले मोजले तर कुठलंही हॉस्पिटल उत्तमच दिसेल. 1990 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. मिकी आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 29 शहरांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. कुठे 2 टक्के पेशंट वाचत होते, तर कुठे 25. हा फरक उपचारांचा की मोजण्याचा, तेच कळेना. कारण कुणी सगळे अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडण्याचे सगळे प्रसंग, धरायचे, तर कुणी फक्त कुणाच्या तरी डोळ्यांदेखत झालेले. त्याच वर्षी नॉर्वेत स्टॅव्हँगरजवळच्या उट्स्टाइन या जुन्या मठात तज्ज्ञ जमले आणि काय मोजायचं, कुठून मोजायचं हे ठरवलं. अरेस्ट होताना कुणी पाहिलं का, कुणी छाती दाबली का, हृदयाचा पहिला ऱ्हिदम (ठोक्यांची लय) कोणता, फोन किती वाजता, विजेचा शॉक किती वाजता, पेशंट घरी कसा गेला, हे तुमच्या फॉर्मवरचे रकाने मुळात तिथले आहेत.

आता डेन्मार्कचं बघा. तिथे 2001 पासून देशभरातल्या अँब्युलन्सचे कर्मचारी प्रत्येक अरेस्टनंतर एक छोटा फॉर्म भरतात. नागरिक क्रमांकावरून पेशंट महिन्याभरानंतर हयात आहे का, तेही कळतं. सुरुवातीचं चित्र वाईट होतं. अँब्युलन्स येईपर्यंत पाचातल्या जेमतेम एका पेशंटला कुणीतरी छातीवर दाब दिलेला असायचा. मग 2005 मध्ये शाळेत आणि 2006 मध्ये ड्रायव्हिंग लायसन्ससाठी सीपीआर शिकणं सक्तीचं झालं. 2010 पर्यंत हे प्रमाण 21 वरून 45 टक्क्यांच्या आसपास गेलं आणि तीस दिवसांनी जिवंत असलेले पेशंट 3.5 टक्क्यांवरून 10.8 टक्क्यांवर पोहोचले. एकाच वेळी बरंच काही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देता येत नाही. पण नोंदी नसत्या तर बदल झाला हेही कुणाला कळलं नसतं.

कोपनहेगनमध्ये तर सार्वजनिक ठिकाणच्या अरेस्टच्या नोंदी आणि एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या, मशिनच्या जागा एकाच नकाशावर मांडल्या. अरेस्ट निम्म्याहून जास्त संध्याकाळी, रात्री आणि शनिवार-रविवारी होत होते, आणि चोवीस तास हाताशी असलेल्या मशिन्स जेमतेम 9 टक्के! बाकीच्या ठरावीक वेळीच उघड्या असणाऱ्या इमारतींत. सोसायटीच्या ऑफिसात कुलपात एईडी ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

फॉर्म चुकीचा भरला तर मात्र खरंच वेळ वाया जातो. आमच्याकडे एका फॉर्मवर पेशंट कॅज्युअल्टीत 9.10 ला आला आणि अँब्युलन्स त्याच्या घरून 9.12 ला निघाली! कुणी खोटं लिहिलं नव्हतं. आमचं भिंतीवरचं घड्याळ मागे होतं, मॉनिटरचं पुढे, आणि ड्रायव्हरने मोबाइल बघून वेळ लिहिली होती. सीपीआर नसेल तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तिथे पाच-सात मिनिटांचा घोळ म्हणजे अख्खी नोंद निकामी. तेव्हापासून आम्ही दर सोमवारी सकाळच्या ड्यूटीला सगळी घड्याळं मोबाइलशी जुळवतो. आणि जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असंच लिहा. अंदाजाने टाकलेला आकडा रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

सगळ्यात अवघड रकाना म्हणजे 'आधी कुणी सीपीआर दिला का'. तो नातेवाइकांना विचारूनच भरावा लागतो. एका मुलाने मला सांगितलं, "बाबा घोरत होते सिस्टर, श्वास चालू होता. मी तळवे चोळले, कांदा हुंगवला, पाणी पाजायचा प्रयत्न केला." ते घोरणं म्हणजे श्वास नव्हे, बंद पडलेल्या हृदयाची शेवटची घरघर. ही फसगत जगभर होते. म्हणूनच अमेरिकेत सिएटलकडच्या किंग काउंटीत इमर्जन्सीचे फोन घेणारे दोनच प्रश्न आधी विचारतात: शुद्धीवर आहे का, आणि नेहमीसारखा श्वास घेतोय का? दोन्हींना 'नाही' आलं की लगेच छाती दाबायला सांगतात. तिथे अरेस्टच्या कॉलची रेकॉर्डिंग्ज नंतर ऐकून कुठे वेळ गेला तेही तपासतात.

त्या मुलाचं उत्तर मी फॉर्मवर 'सीपीआर नाही' असं लिहिलं आणि शेऱ्यात 'घोरणे, श्वास समजले' एवढंच. "तुम्ही छाती का दाबली नाही?" असं कुणालाही विचारू नका, ताई. तो प्रश्न त्या मुलाला जन्मभर पुरेल. बाजूच्या खोलीत बसवा, पाणी द्या, आणि "तेव्हा काय काय झालं, सांगाल का?" एवढंच म्हणा. माणसं आपणहून सगळं सांगतात. तोवर पेन खिशातच राहू द्या.