नागपुरात एका चेअरचं डेंटल क्लिनिक आहे, फिल्म सोडून डिजिटल एक्स-रे घ्यावा का?

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की मानेवाड्याकडे एका चेअरचं क्लिनिक आहे, दिवसाला तीन-चार आयओपीए (एक-दोन दातांचे छोटे एक्स-रे) निघतात, महिन्याला आठ-दहा आरसीटी (रूट कॅनाल) होतात आणि डीलर डिजिटल सेन्सरचं सव्वा लाखाचं कोटेशन देऊन रोज फोन करून राहिला. मी पण नागपुरातच प्रॅक्टिस करते, आधी फिल्मवर होते, आता आरव्हीजीवर, म्हणजे तोंडात सेन्सर ठेवून फोटो थेट लॅपटॉपवर घ्यायच्या डिजिटल एक्स-रेवर आहे. माझं म्हणणं, घ्या. पण डीलर जे कारण सांगतोय त्यासाठी नका घेऊ.

त्याचं कारण म्हणजे फिल्मचा खर्च वाचतो. करून बघा हिशोब. दिवसाला चार शॉट, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे १०० शॉट. फिल्म आणि केमिकल मिळून शॉटमागे ३० रुपये धरा, महिन्याला ३,००० झाले, वर्षाला ३६,०००. सव्वा लाख निघायला साडेतीन वर्षं लागतात, आणि त्यात सेन्सरवर चढवायच्या स्लीव्ह, लॅपटॉप, यूपीएस काहीच धरलेलं नाही. वॉरंटी किती आहे ते कोटेशनवर बघा, बहुतेक त्याच्या बरीच आधी संपलेली असेल. जीएसटीसकट आकडा मागा, कारण आपली सेवा जीएसटीतून मुक्त आहे म्हणून भरलेला टॅक्स आपल्याला परत मिळत नाही, तो सरळ किमतीत जातो. आणि घसारा दाखवून टॅक्स वाचेल असं तो म्हणेल, पण तुम्ही प्रिझम्प्टिव्हमध्ये (खर्च न दाखवता जमेचा ठराविक टक्का नफा धरून) रिटर्न भरत असाल तर तो घसारा आधीच धरलेला असतो, वेगळा काही मिळत नाही, सीएला एक फोन करून विचारा.

मग घ्यायचा कशासाठी? आरसीटीसाठी. एका केसला प्री-ऑप (आधीचा), वर्किंग लेंथ (मुळाची लांबी बघायला), मास्टर कोन (मुळात भरायचा कोन बसवून), पोस्ट-ऑप (नंतरचा) असे चार शॉट सहज होतात, आणि दरवेळी पेशंटला रबर डॅममध्ये (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) तोंड उघडं ठेवून बसवायचं, फिल्म धुवायची, ओली फिल्म खिडकीपाशी धरून बघायची, फाईल (मुळात घालायची बारीक सुई) छोटी दिसली की परत तेच. सेन्सरवर चार-पाच सेकंदात समोर येतं आणि हातातलं काम तुटत नाही. एपेक्स लोकेटर (मुळाचं टोक शोधणारं यंत्र) असला तरी मास्टर कोनचा फोटो लागतोच. पण यात एक गोम आहे. वाचलेला वेळ कमाईचा तेव्हाच, जेव्हा बाहेर पुढचा पेशंट बसलेला असतो. दुपारी चेअर रिकामी असेल तर वीस मिनिटं वाचून तुम्ही फक्त मोबाईल बघाल. तुमचे आठ-दहा आरसीटी संध्याकाळच्या गर्दीत होतात की दुपारी, हे तुम्हालाच माहीत.

दुसरं कारण नागपूरचं ऊन. डेव्हलपरचं (फिल्म धुवायच्या केमिकलचं) गणित २० डिग्रीला पाच मिनिटं असं असतं, २७ डिग्रीच्या आसपास ते अडीच मिनिटांवर येतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि कूलरच्या खोलीतही केमिकल गरमच राहतं, मग फिल्म फॉग (धुरकट) होते, काळपट येते, असिस्टंट अंदाजाने लवकर काढतो तर फिकी येते, आणि पेरिएपिकल एरियात (मुळाच्या टोकापाशी) काळं आहे ते लीजन (आजार) आहे का फॉग आहे यावर आपण दोघं तिघं बसून वाद घालतो. बर्फाच्या ट्रेमध्ये डबा ठेवणारे पण आहेत, चालतं ते, पण कितीवेळा. माझ्या मते फक्त मार्च ते जूनसाठी जरी विचार केला तरी डिजिटल परवडतं.

आता जे डीलर कधीच सांगणार नाही ते. आपल्या भागात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किती खातात ते तुम्हाला सांगायला नको. पंचविशीतली पोरं सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाची आतली त्वचा कडक होण्याचा आजार) घेऊन येतात, तोंड दीड बोट उघडतं. आरव्हीजीचा सेन्सर कडक असतो, वाकत नाही, जाडी फिल्मपेक्षा कितीतरी जास्त, वरून होल्डर आणि केबल. अशा पेशंटच्या खालच्या सेकंड मोलरपाशी तो जातच नाही, आणि जबरदस्तीनं घातला तर पेशंट चावतो आणि पहिला फटका केबललाच बसतो, सेन्सर बंद पडायचं तेच नेहमीचं कारण. फिल्म तिथे थोडी वाकून बसते. म्हणून तुमच्या ओपीडीत असे पेशंट जास्त असतील तर २ नंबर साईजचा सेन्सर घेऊ नका, त्याहून लहान १ किंवा १.५ नंबरचा घ्या, बाईटविंगमध्ये (वरखालच्या दाढांचा एकत्र फोटो) थोडं कमी येईल पण चालेल, लहान मुलांनाही बरा पडतो. पीएसपी प्लेट (फिल्मसारखी, पण स्कॅन करून परत वापरायची) पण एक रस्ता आहे, ती पातळ असते, वाकते, पण तिला स्कॅनर वेगळा लागतो, प्लेटवर ओरखडे पडतात, आणि प्रत्येक शॉटनंतर उठून स्कॅनरमध्ये टाकायची म्हणजे आरसीटीच्या मधला वेळ परत गेलाच. एका चेअरसाठी मी ती घेणार नाही. तोंड अगदीच उघडत नसेल तर धंतोली-रामदासपेठेत ओपीजीला (पूर्ण जबड्याचा बाहेरून घेतात तो एक्स-रे) पाठवा, तिथे तसंही पाठवावंच लागतं.

ट्यूबचं, म्हणजे एक्स-रे सोडणाऱ्या मशीनचं, विसरू नका. सेन्सर स्वतः एक्स-रे सोडत नाही, तो फक्त घेतो. तुमचं जुनं मशीन जर फिरवायच्या टायमरचं असेल आणि अर्ध्या सेकंदाखाली जात नसेल तर सेन्सरवर फोटो जळून नुसता काळा येईल आणि दोष सेन्सरला देऊन मोकळे व्हाल. ०.१ ते ०.२ सेकंद सेट होतो का ते आधी बघा. नवीन ट्यूब घ्यावी लागली तर बजेट लगेच बदलतं. हातात धरायचं पोर्टेबल स्वस्तात ऑनलाईन मिळतं म्हणून उचलू नका, एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळ) टाईप अप्रूव्हल आहे का आणि ई-लोरावर (त्यांच्या पोर्टलवर) नोंदणी होते का ते विचारा, नसेल तर ते मशीन क्लिनिकमध्ये ठेवणंच चूक. आणि डिजिटलला डोस कमी लागतो हे खरं असलं तरी लगेच दिसतं म्हणून आपण चार-चार वेळा बटण दाबतो, मग कमी कुठे झाला?

पेशंटला स्क्रीनवर दाखवलं की पटतं वगैरे जे सांगतात ते थोडंफार खरं आहे, फार काही नाही. लाईन पेअरचे (किती बारीक दिसतं त्याचे) आकडे तर सोडूनच द्या, फिल्मच मिलिमीटरला २० च्या आसपास देते. त्याऐवजी डेमोला काढलेल्या दातात १० नंबरची (अगदी बारीक) फाईल टाका आणि तिचं टोक दिसतं का ते तुमच्याच ट्यूबवर बघा. डीलरच्या लॅपटॉपमधले फोटो सगळेच छान असतात.

कोटेशनवर सही करायच्या आधी हे लेखी घ्या: बिघडलं तर इंजिनिअर नागपुरातला येणार का सेन्सर पुण्या-मुंबईला जाणार, तोपर्यंत स्टँडबाय सेन्सर देणार का, केबल वॉरंटीत धरली आहे का, नवीन लॅपटॉप घेतला तर सॉफ्टवेअर परत टाकायचे पैसे पडतील का. सेन्सरची कॅलिब्रेशन फाईल त्याच्या सिरीयल नंबरची असते, ती पेनड्राईव्हवर मागून घ्या, विंडोज उडालं की त्याशिवाय अडतं. फोटो डायकॉममध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या फॉरमॅटमध्ये) बाहेर निघतात का हेही विचारा, नाहीतर उद्या कंपनी बदलली की जुने रेकॉर्ड तिथेच अडकतील.

आणि घेतल्यावर फिल्मचा एक डबा ठेवाच, खर्र्याच्या केससाठी आणि सेन्सर रिपेअरला जाईल तेव्हासाठी. बाकीचं जुनं फिक्सर (फिल्म धुवायचं दुसरं केमिकल) मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते आणि बायोमेडिकल वेस्टच्या नियमात ते पिवळ्या कॅटेगरीत येतं, तुमचा कचरा जी एजन्सी नेते तिलाच विचारून द्या.