‘जिटर’ म्हणजे विलंब नव्हे. आणि ‘अ‍ॅपर्चर’साठी निमेष

प्रश्न असा आला आहे: ‘वेगवान अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरवर (एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारं साधन) मराठीत लेख लिहितो आहे. सॅम्पल घेण्याच्या, म्हणजे एका क्षणाचं व्होल्टेज टिपण्याच्या, वेळेत जी चूक होते, म्हणजे जिटर, तिला कालविलंब म्हणावं का? अ‍ॅपर्चरला, म्हणजे सॅम्पल पक्कं होण्याच्या क्षणाला, काय म्हणावं? ही चूक कमी कशी करतात, हा लेखाचा विषय आहे.’

कालविलंब अजिबात म्हणू नका. जिटरला विलंब म्हणणारे लेख इतके वाचनात येतात की हल्ली तो शब्द दिसला की पुढचं वाचवत नाही. मुळात विलंब काळाखेरीज आणखी कशाचा असतो, की त्याच्यापुढे ‘काल’ जोडावा लागतो? विलंब हा लम्ब् धातूचा; लोंबणं आणि घड्याळाचा लंबक त्याच घरातले. पण तो लंबक इथे काही कामाचा नाही. एखादा माणूस रोज नेमका दहा मिनिटं उशिरा येत असेल तर तो विलंब, आणि त्याचा त्रास होत नाही, कारण आपण तो धरून चालतो. कधी दोन मिनिटं आधी, कधी तीन मिनिटं नंतर, असा नेम नसलेला येतो तो जिटर. त्याची सरासरी काढली तर शून्यही येईल! सगळी सॅम्पलं सारख्याच उशिराने घेतली तर एकट्या कन्व्हर्टरचं काहीही बिघडत नाही. बिघडतं ते थरथरीने. म्हणून जिटरला थरथर म्हणा. कंपही चालेल, पण कंप म्हटलं की मराठी वाचकाला आधी भूकंप आठवतो.

आता अ‍ॅपर्चर. छिद्र, द्वारक वगैरे सुचवणारे सुचवतील, आणि कॅमेऱ्यापुरतं ते ठीकही आहे. पण सॅम्पलिंगसाठी आपल्याकडे असा शब्द आयता पडला आहे की तो मूळ शब्दापेक्षाही नेमका आहे: निमेष, म्हणजेच आपलं नेहमीचं निमिष. मिष् हा डोळ्यांच्या उघडझापीचा धातू. त्याला ‘उद्’ लागला की उन्मेष, पापणी उघडणं; ‘नि’ लागला की निमेष, पापणी मिटणं. ‘निमिषार्धात’ म्हणता म्हणता आपण त्याचा नुसता ‘अगदी थोडा वेळ’ करून टाकला, आणि उन्मेष तर प्रतिभेच्या दाराशी कायमचा नोकरीला लागला.

कन्व्हर्टरच्या तोंडाशी एक स्विच आणि एक छोटा कपॅसिटर असतो. स्विच जोडलेला असेपर्यंत कपॅसिटरवरचं व्होल्टेज सिग्नलच्या मागे मागे जात राहतं. स्विच तुटला की त्या घडीचं व्होल्टेज तिथे अडकतं, आणि पुढे त्याचाच आकडा होतो. म्हणजे सॅम्पल पक्कं होतं ते डोळा उघडताना नव्हे, मिटताना. अ‍ॅपर्चर लॅटिनमधल्या ‘उघडणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला. निर्णायक क्षण मिटण्याचा आणि नाव उघडण्याचं! त्यात इंग्रजीत तुटलेला स्विच ‘ओपन’ आणि जोडलेला ‘क्लोज्ड’. मराठी माणूस मात्र ‘स्विच बंद कर’ म्हणतो तो तोडण्यासाठीच. मराठीत स्विच बंद, डोळा बंद, सॅम्पल पक्कं, सगळं एका ओळीत बसतं. देवांना अनिमिष म्हणतात, कारण त्यांची पापणी लवत नाही. नलोपाख्यानात दमयंतीने नलाचं रूप घेतलेले देव ओळखले त्या खुणांपैकी ही एक. देव कायम ट्रॅक मोडमध्ये, म्हणजे स्विच जोडलेलाच. त्यांच्याकडून एकही सॅम्पल मिळायचं नाही.

निमेष नको, ‘लव’ घ्या, असं सांगणारेही भेटतात. ‘पातं लवतं न लवतं’ मधलं लवणं आणि काळाचं जुनं माप लव हे एकच, अशी त्यांची व्युत्पत्ती. साफ चूक. काळाचा लव ‘लू’ म्हणजे कापणे यातला, कापलेला तुकडा; लवलेशातला लवही तोच. पातं लवतं ते नम् मुळे, वाकतं म्हणून. न चा ल होणं मराठीला नवं आहे का? नवनीताचं लोणी झालं, निंबाचा लिंब झाला. नुसत्या तोंडवळ्यावरून शब्दांची सोयरीक जुळवणाऱ्यांनी निदान एवढं तरी पाहावं. सॅम्पलिंगला ‘प्रतिचयन’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. चयन म्हणजे वेचणं. इथे वेचायला ढीगच नाही. नमुना फारसीतल्या ‘नमूदन’ म्हणजे दाखवणे यातून आला आणि तो पुरेसा आहे.

निमेष म्हटला तरी माप मात्र पापणीचं नाही, हे लेखात जरूर लिहा. पापणी लवायला साधारण 0.1 ते 0.4 सेकंद लागतात. इथे हिशेब फेम्टोसेकंदांचा (सेकंदाचा एक अब्जांश, त्याचाही दहा लाखावा भाग). 100 फेम्टोसेकंदांत प्रकाशही जेमतेम 0.03 मिलिमीटर जातो. शून्याच्या वरखाली 1 व्होल्टपर्यंत जाणारी 1 गिगाहर्ट्झची साइन लहर घ्या. ती शून्य ओलांडताना सर्वांत चढी असते आणि तेवढ्या वेळात सुमारे 0.63 मिलिव्होल्ट सरकते. 2 व्होल्टच्या पट्ट्यात 12 बिटी, म्हणजे 4096 पायऱ्यांच्या, कन्व्हर्टरची एक पायरी 0.49 मिलिव्होल्टची. पायरी चुकलीच. एवढ्या थरथरीत सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर सुमारे 64 डेसिबलवर अडतं, म्हणजे जेमतेम 10 बिट हाती लागतात, मग डेटाशीटवर काहीही छापलेलं असो. लहरीच्या माथ्यावर मात्र तीच थरथर जवळपास निरुपद्रवी.

कमी कशी करतात? मुख्यतः क्लॉकची, म्हणजे स्विच केव्हा तोडायचा ते सांगणाऱ्या ठोक्यांच्या सिग्नलची, बडदास्त ठेवून. क्लॉकची कड, म्हणजे एका पातळीवरून दुसरीवर जाणारी उडी, जितकी उभी तितकी बरी. कलती कड पातळी ओलांडत असताना थोडासा गोंगाटही ओलांडण्याची वेळ मागेपुढे करतो. म्हणून क्लॉक डिफरेन्शियल (एकमेकींच्या उलट चालणाऱ्या दोन तारांवर), वाटेत बफर (सिग्नल पुढे ढकलणारे टप्पे) कमीत कमी, सप्लाय वेगळा आणि स्वच्छ, आणि क्लॉक एफपीजीएमधून (हवी तशी जुळवता येणारी डिजिटल चिप) फिरवून आणायचा नाही. स्वतंत्र थरथरींची बेरीज वर्गांची असते: क्लॉकची 80 आणि कन्व्हर्टरची स्वतःची 60 फेम्टोसेकंद, तर मिळून 100. धाकटी पूर्ण घालवली तरी 80 उरतात, तेव्हा आधी थोरलीच्या मागे लागावं.

आळीपाळीने सॅम्पल घेणाऱ्या कन्व्हर्टरांची गोष्ट निराळी. (‘टाइम-इंटरलीव्ह्ड’ला आळीपाळीने हाच शब्द घ्या.) ही कल्पना ब्लॅक आणि हॉजेस यांनी 1980 मध्ये मांडली. तिथे प्रत्येक कन्व्हर्टरचा निमेष आपापल्या ठरलेल्या वेळेपेक्षा कायमचा थोडा पुढे किंवा मागे असतो. ही थरथर नव्हे, तफावत. थरथरीने एकूण गोंगाट वाढतो, तफावतीने ठरावीक फ्रीक्वेन्सींवर खोटे सूर उगवतात. तफावत कायमची असल्यामुळे मोजता येते आणि क्लॉकच्या वाटेवरची छोटी डिले लाइन (ठोका थोडा उशिरा पोचवणारा भाग) कमीजास्त करून किंवा नंतर डिजिटल फिल्टरने काढता येते. पाळीचा क्रम मुद्दाम विस्कटला तर ती जात नाही, पण खोटे सूर गोंगाटात विरतात. सगळ्यांच्या पुढे पूर्ण वेगाने चालणारा एकच स्विच ठेवला तर तफावतीला जागाच राहत नाही, मात्र त्या एका स्विचवर सगळा भार येतो. क्लॉकची थरथर या तिन्ही उपायांत जिथल्या तिथे राहते.